डांबर फासलेली सायकल

“...मग माझंच चित्त का ठरत नाही, बाबा?”

विश्वंभर मास्तरांनी विचारलं खरं, पण डोळे बाबांकडे नव्हते. मठाच्या फाटकाकडे होते.

बाबा पोथीचं फडकं मांडीवर घेऊन त्याची घडी घालत राहिले.

फाटकाबाहेर खडखडलं. मास्तर उठले, डोकावून आले, परत बसले. शेळी होती.

पुन्हा काही वाजलं. पुन्हा उठले. या वेळी वारा होता.

मास्तर तालुक्याच्या शाळेत गणित शिकवायचे. हुशार माणूस. पोथीतली ओवी अडली की अर्थ आधी त्यांच्या तोंडून यायचा, आणि तो आधी आला हे सगळ्यांना कळावं म्हणून ते मग जरा थांबायचेही. त्यांची पहिली सायकल याच मठाच्या भिंतीपाशी चोरीला गेली होती. भजन संपवून बाहेर आले, तर भिंत तेवढी उरली होती.

दुसरी घेतली ती लेकीसाठी. रेवतीचं हायस्कूल नदीपलीकडे होतं. निळी सायकल, चकचकीत. सुट्टीच्या दिवशी तीच घेऊन मास्तर मठात येत.

पण आता ते सावध झाले होते. विटेच्या तुकड्याने त्यांनी सायकलीचा रंग खरवडला. वरून डांबर फासलं. सीट फाडून तिच्यावर गोणपाट शिवलं. मडगार्डला मिठाचं पाणी लावून लावून गंज आणला. घंटीची वाटी काढून टाकली. फळ्यावर गणित सोडवून दाखवावं तसं त्यांनी हे सगळं बाबांना सांगितलं. चोर काय बघतो, तर चमक. चमक नाही, म्हणजे चोर नाही.

मठातल्या लोकांना हसू आवरत नव्हतं. म्हातारे भोजने म्हणाले, मास्तर, माझ्या ज्वारीत उभी करा, पाखरं फिरकणार नाहीत. कुणी सांगितलं, मागच्या वेळी एका बाईने बेवारस समजून सायकलीच्या चाकाला आपली शेळी बांधली होती, आणि ती सोडवायला मास्तरांना भजनातून उठावं लागलं होतं.

मास्तरांनी त्यांना हसू दिलं. चोराची अक्कल आपल्याला कळली, यांना नाही कळली, असं त्यांच्या तोंडावर होतं.

“मग आता भीती कशाची?” बाबांनी विचारलं.

मास्तर घुटमळले.

“भंगारवाला फिरतो ना इकडून...”

सगळे पुन्हा हसले. बाबा हसले नाहीत.

“लेक काय म्हणते?”

“ती काय म्हणणार.”

“काहीच नाही?”

मास्तरांनी फाटकाकडे पाहिलं. मग हळूहळू एकेक निघालं. उन्हाने डांबर मऊ होतं. ते रेवतीच्या गणवेशाला लागलं. रॉकेलने घासलं तरी डाग गेला नाही, उलट पसरला. वर्गातल्या पोरी तिला डांबरी म्हणू लागल्या. मग तिने सायकल घरी ठेवली आणि पायी जाऊ लागली. पुलाचा वळसा पायी लांब पडतो, पहिला तास बुडतो, बाई उभं करतात. या आठवड्यात ती गेलीच नाही. आईला म्हणाली, मला शाळा नको. आई म्हणते, नको तर नको. मावशीने एक स्थळही सुचवून ठेवलंय.

हे सांगताना मास्तरांचा आवाज खाली गेला होता. पण शेवटी तो पुन्हा वर आला.

“मी समजावलं तिला. म्हटलं, आत सायकल तीच आहे. वरच्या रूपाला भुलू नये, हेच तर पोथीत सांगितलंय. लोक हसतात, हसू द्यावं.”

बाबांनी घडी घातलेलं फडकं बाजूला ठेवलं. गुडघ्यावर हात टेकून उठले आणि फाटकाबाहेर गेले. मास्तर त्यांच्या मागून गेले.

सायकल भिंतीला टेकून उभी होती. ऊन चांगलं तापलं होतं. डांबर ओलं दिसत होतं.

बाबांनी दांड्यावर हात ठेवला. जनावराच्या पाठीवर ठेवावा तसा.

“विश्वंभर, माझं नाव ठाऊक आहे तुला?”

मास्तर संकोचले. बाबांना नावाने कुणी हाक मारत नसे.

“उकर्डा,” बाबाच म्हणाले.

आमच्या वऱ्हाडात उकिरड्याला उकर्डा म्हणतात.

बाबांनी मग सांगितलं. त्यांच्या आधीची भावंडं पाळण्यातच गेली होती. हे जन्मले, तेव्हा आईने यांना सुपात घातलं आणि गावाबाहेरच्या उकिरड्यावर नेऊन ठेवलं. नावही तेच दिलं. मरण दारात आलंच तर त्याला वाटावं, हे टाकून दिलेलं आहे, आणि त्याने पुढे जावं.

मास्तरांचा चेहरा उजळला. इतका वेळ हसणारे लोक आत होते, त्यांनाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात ते म्हणाले,

“मग मी दुसरं काय केलं, बाबा? हेच केलं.”

बाबांनी दांड्यावरचा हात उचलला.

तळवा काळा झाला होता. तो त्यांनी मास्तरांच्या पांढऱ्या सदऱ्याला पुसला. आधी बाहीला. मग छातीवर, सावकाश.

मास्तर मागे सरकले.

“बाबा, हे काय... मला बाजारातून जायचंय.”

“आत सदरा तोच आहे.”

“पण लोक...”

“लोक काय?”

रस्त्याने दोघी बाया पाण्याच्या घागरी घेऊन चालल्या होत्या. एकीने दुसरीला कोपर मारलं आणि दोघींनी पदर तोंडाला लावला.

मास्तरांनी बोटाने डाग पुसायला घेतला. तो पसरला. त्यांनी हात थांबवला आणि छातीकडे बघत उभे राहिले...

फाटकाशी काहीतरी खडखडलं. त्यांनी मान वर केली नाही.

मग त्यांनी विचारलं, “बाबा, मग मी तिला काय सांगू?”

बाबा मातीने हात चोळत होते. म्हणाले,

“मला ठेवलं, तेव्हा आई घरी गेली नाही. दिवस मावळेपर्यंत तिथंच बसली होती, माझ्याजवळ... उकिरड्यावर.”