निळ्या नदीची शेवटची कडी

पडदेसुद्धा बोलायचे, त्या काळची ही गोष्ट. जैतुनबीनं आपली लेक कोरड्या मुलखात दिली होती. लेकीच्या दाराला लावायला म्हणून तिनं एका पडद्यावर आरीनं डोंगर, होडी, बगळे काढले आणि डोंगरातून निघणारी निळी नदी काढायला घेतली. आरी म्हणजे टोकाला आकडा असलेली सुई. ती खालचा दोरा वर ओढते आणि एका कडीतून दुसरी कडी काढत साखळी घालत जाते.

नदी पडद्याच्या काठाला पोचली. शेवटच्या कडीवर बारीक टाका मारायचा तेवढा राहिला.

कडी म्हणाली, "आरीमावशी, सगळ्यांच्या गळ्यात कुणी ना कुणी अडकलंय. मीच एक मोकळी. नदीला कुणी बांधतं का गं?"

"तू कुठली नदी? तू कडी," आरी म्हणाली. पण तिला दया आली, आणि टाका न घालताच ती वर आली. जैतुनबीचे डोळे पेंगत होते, तिला वाटलं, टाका बसला.

मग दुपारचं वारं आलं. कडी हलकेच सुटली, मग तिच्या मागची, मग तिच्याही मागची. नदी उलटी वाहत डोंगरात गेली. होडी आणि बगळे कोऱ्या कापडावर तसेच उभे राहिले.

जैतुनबी जागी झाली. मांडीवरचा निळा गुंता बघून म्हणाली, "आता माझी लेक कशाकडं बघेल?" आणि तोच दोरा सोडवून पुन्हा पहिल्यापासून काढायला बसली.

नदी काठाला आली, तेव्हा कडीनं आपणच मान वाकवली.

"मावशी, बांध मला."

"मोकळं राहायचं होतं ना तुला?"

"सुटून जाताना मागच्या एकेका कडीच्या दारावरनं गेले मी," कडी म्हणाली. "सगळ्या माझ्याच भरवशावर निजल्या होत्या."