भुजंगराजांचं कार्बनचं चाक

“चाक बदलायचं नाही, ठिगळ दिसायचं नाही, आणि येत्या रविवारी ह्याच चाकावर आम्ही कावळघाट उतरणार! जमलं नाही, तर तुझ्या दुकानाला टाळं!”

भुजंगराजांनी राजवाड्याच्या दिवाणखान्यात फर्मान सोडलं आणि आपल्या सायकलीचं मागलं चाक सगुणा लोहारच्या पुढ्यात ठेवलं. राजवाड्याच्या फाटकासमोर, राजेसाहेबांच्याच जागेत, सगुणाचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. चाकाचा बाक काढावा तर तिनंच, असा तिचा हात!

आंबेगिरीचं संस्थान केव्हाच विलीन झालं होतं. राजेसाहेबांचा हट्ट मात्र विलीन व्हायचा राहून गेला होता. सायकल खड्ड्यात आपटली आणि चाकाला तडा गेला. शहरातल्या तीन कारागिरांनी “नवं चाक घ्या, सरकार,” म्हटलं, तर तिघांचीही चहा न देता बोळवण झाली! का? तर ह्याच चाकावर राजेसाहेबांनी गेल्या साली घाटाच्या शर्यतीत पंचविशीतल्या पोरांना मागे टाकलं होतं.

सगुणानं एक नाणं काढलं आणि कार्बनच्या रिमवर हलकेच वाजवत नेलं. टण्, टण्, टण्... थप्!

“सर्दी झाली का गं त्याला?” राजेसाहेब डोळे मिचकावत म्हणाले.

“हाड मोडलंय, सरकार! लोखंड असतं तर ठोकून सरळ केलं असतं. कार्बन वाकत नाही, एकदम तुटतो. उतारावर ब्रेक दाबलात की...”

“तुटू दे! कोणी करून दिलं नाही, तर आम्ही हे असंच घालून उतरू!”

दारामागून राणीसाहेबांनी सगुणाकडे नुसतं पाहिलं. दुकान राहिलं बाजूला, हा माणूस दरीत जायचा!

“करते, सरकार,” ती म्हणाली. “शनिवारी आणून देते.”

तिनं पुण्याहून तश्शीच रिम मागवली. जुनं चाक खोललं, मधला हब धुऊनपुसून घेतला, त्याच तारा नव्या रिममध्ये ओवल्या. मग एकेक तार ताणायची, जराशी सैल करायची, चाक फिरवून बघायचं. केसाइतकाही हेलकावा उरला नाही, तेव्हा कुठं ती थांबली.

शनिवारी ती राजवाड्यात हजर झाली. राजेसाहेबांनी चाक गर्रकन फिरवलं. ना खरखर, ना डुगडुग! खूश होऊन ते शाबासकी देणार, तोच त्यांना तिच्या दुसऱ्या हातातली वस्तू दिसली.

“हे काय?”

“आपली फुटकी रिम, सरकार.”

“म्हणजे चाक बदललंस! आमच्याशी चलाखी?”

“चलाखी करायची असती, तर ही दाखवायला आणली असती का? चाक तेच आहे. हब तोच, तारा त्याच.”

“अगं, पण सगळं चाक पेलते ती रिमच ना! ती नवी, म्हणजे चाक नवं!”

“एक विचारू, सरकार? आंबेगिरीची गादी किती जुनी?”

राजेसाहेबांची छाती फुगली. “नऊ पिढ्यांची! आम्ही नववे!”

“मग थोरले सरकार गेले आणि आपण बसलात, तेव्हा गादी बदलली का हो?”

“खबरदार! राजा बदलतो, गादी तीच राहते!”

“तेच म्हणते मी, सरकार. रिम बदलली, चाक तेच राहिलं!”

राजेसाहेबांनी चाक पुन्हा एकदा गर्रकन फिरवून पाहिलं. राणीसाहेबांनी पदर तोंडाला लावला.

“बरं, बरं!” राजेसाहेब शेवटचा डाव टाकत म्हणाले. “पण ह्या रिमनं शर्यत जिंकलीय. तिला काय भंगारात घालू?”

“छे, छे! वाडवडिलांच्या तसबिरींशेजारी मानानं टांगा!”

राजेसाहेब असे खदखदून हसले, की तोल सावरायला त्यांना खांब धरावा लागला.

“सगुणा, घोडे गेल्यापासून आमची पागा रिकामी पडलीय. उद्यापासून तुझं दुकान तिथं, कायमचं! पण त्याआधी हातोडी घेऊन ये. आमच्या आजोबांशेजारी खिळा तूच ठोकायचास!”