गेनूने हीटर काढला

एका गावात एक भोळा मेकॅनिक होता. म्हणजे मेकॅनिक होता त्याचा मामा, कोंडीबा. हा नुसताच भोळा. याचं नाव गेनू. अंगाने रेडा, मनाने वासरू. कामाला कधी नाही म्हणायचा नाही, आणि सांगाल ते शब्दशः करायचा. तिथेच तर घोडं पेंड खायचं.

मामाची लेक शेवंता. तिचं लग्न खिंडीपलीकडच्या जयसिंगरावांच्या भागवतशी ठरलं. पोरगा गुणाचा होता, पोरीच्या मनात भरला होता. त्याचा बाप मात्र नाकावर माशी बसू देत नव्हता. त्यांची एक जुनी जीप होती, तिच्या इंजिनाने राम म्हटला होता.

"कोंडीबा," व्याही म्हणाले, "दुसरं इंजिन मी आणलंय. ते बसवून द्या. नवरदेव याच जीपमधून येणार. जीप खिंडीत बसली, तर वऱ्हाड तिथूनच माघारी."

शेवंताने हे दाराआडून ऐकलं आणि तिचा चेहरा एवढुसा झाला. "बाबा, नीट बसवा हो," ती म्हणाली. "काळजी नको," मामा म्हणाला. म्हणाला खरा, पण हाताखाली गेनू होता.

जीप कुठल्याशा थंड मुलखातून आलेली. आत पायापाशी हीटर होता. हीटर म्हणजे एक लहानशी जाळीची पेटी. इंजिनातलं गरम पाणी एका नळीने तिच्यात येतं, दुसऱ्या नळीने परत जातं, आणि बसलेल्याला ऊब लागते. आमच्याकडे एप्रिलात माठातलं पाणीसुद्धा कोमट लागतं. ऊब हवीय कुणाला? शिवाय नवं इंजिन दांडगं, जागा पुरेना.

"गेनू, तो हीटर काढून टाक."

गेनूने काढला. आणि टाकला. लांब, उकिरड्यावर.

मामाने इंजिन बसवलं, पाणी भरलं, चावी फिरवली. पाणी भसाभसा मामाच्या पायावर! हीटरच्या दोन्ही नळ्या तोंडं उघडी टाकून लोंबत होत्या.

"अरे गाढवा, नळ्या उघड्या कशा ठेवल्यास?"

"तुम्ही हीटरचं बोललात मामा. नळ्यांचं काही बोलला नाहीत."

"मग आता ऐक. उघडं तोंड दिसलं, की बूच मारायचं. कळलं?"

"कळलं."

गेनूला कळलं, की गावाला धडकी भरायची.

मामा ऑइल आणायला गेला. गेनूने दाणे काढलेली मक्याची कणसं घेतली आणि नळ्यांत ठोकून बसवली. मग जीपभोवती फिरला. मागे सायलेन्सरचं तोंड उघडं. सगळ्यांत जाडजूड कणीस त्याच्यात बसवलं. मामा आला तेव्हा हा हात झटकत उभा.

तेवढ्यात व्याही काम बघायला आले. मागे हात बांधून जीपच्या मागे वाकून बघू लागले. मामाने चावी फिरवली. इंजिन घुसमटलं, कण्हलं, आणि फाडकन कणीस सुटलं. व्याह्यांचा फेटा घेऊन गेलं ते थेट गोठ्यात.

"गेनू!" मामा किंचाळला. "अरे, आतून जे बाहेर येतंय ते येऊ द्यायचं! अडवायचं नाही! कळलं?"

"कळलं."

व्याह्यांचा राग घालवायला मामीने बासुंदीचं दूध चुलीवर ठेवलं. वर झाकण घातलं. फेट्याचं शेण काढायला ती विहिरीवर निघाली. जाताना म्हणाली, "गेनू, दुधाकडे जरा बघ."

गेनू बघत बसला. दूध चढलं, झाकण थडथडलं, कडेने फेस आला, चूल विझली. गेनू मांडी घालून बघतच होता.

"अरे मेल्या, सगळं दूध गेलं की!"

"बाहेर येत होतं मामी. मी अजिबात अडवलं नाही."

मामीने कपाळावर हात मारला. "ठोंब्या! उतू जायला लागलं, की आधी झाकण काढायचं! कळलं?"

"कळलं."

व्याही कोरा चहा पिऊन, ओला फेटा काखेत मारून निघून गेले. शेवंता चुलीपाशी मुसमुसत बसली.

दुसऱ्या दिवशी मामाने गेनूला घेऊन जीप खिंडीत चढवून बघितली. निम्म्यात इंजिन तापलं. बॉनेट उघडलं, तर रेडिएटरच्या कडेने वाफ सुटलेली, आत पाणी खदखदतंय. मामा चाकाला दगड लावायला वाकला. गेनूने बघितलं. उतू जातंय! त्याने हाताला पोतं गुंडाळलं आणि झाकण फिरवलं.

पाणी गेलं आभाळात, झाकण गेलं करंजाच्या झाडावर, आणि गेनू उताणा करवंदीच्या जाळीत. देवाची कृपा, म्हणून कुणी भाजलं नाही.

मग मामाने आत वाकून बघितलं. नळ्यांत कणसं.

"हे काय रे?"

"बूच. तुम्हीच म्हणालात."

"अरे, या इंजिनाचं पाणी याच वाटेने फिरतं. ते फिरलंच नाही, तर इंजिन गार कसं राहील!" मामा दगडावर बसला. त्याला ओरडायचंही त्राण उरलं नव्हतं. "गेनू, तू माझ्या पोरीचं लग्न मोडणार रे."

गेनूच्या डोळ्यांत पाणी आलं. लहानपणी शेवंताला खांद्यावर घेऊन जत्रेला नेणारा हाच. "मामा, मला नीट सांगा. मी नीट करतो."

मामाने नीट सांगितलं. "हीटर गेला, पण पाणी फिरलं पाहिजे. म्हणून मधलं बिनकामाचं काढून टाकायचं आणि टोकाला टोक जोडायचं. वर ही स्क्रूवाली पत्र्याची क्लिप आवळायची. अशी आवळ, की जन्मात पुन्हा खोलायला नको. कळलं?"

"कळलं."

आणि नवल म्हणजे, कळलं! गेनूने नळीला नळी जोडली, क्लिपा आवळल्या. करंजावर चढून झाकणही आणलं. नवं पाणी भरलं आणि जीप खिंड चढली ती दम न खाता. मामाने त्याच्या पाठीवर थाप मारली. "शाबास रे पठ्ठ्या!" गेनूला आयुष्यात कुणी शाबास म्हटलं नव्हतं. उरलेली क्लिप, स्क्रूड्रायव्हर आणि पक्कड त्याने खिशात घातली आणि लग्नातल्या नव्या सदऱ्यातही तीच ठेवली.

लग्नाच्या दिवशी जीप वाजतगाजत दारात आली. व्याह्यांना खोट काढायला जागा उरली नाही, म्हणून ते म्हणाले, "जीप आली, ठीक. पण मुहूर्त चुकला, तर मी पोरगा घेऊन चाललो."

नवरा-नवरी पाटावर उभी राहिली. भटजींनी अंतरपाटाचं एक टोक धरलं. "दुसरं कुणीतरी धरा."

"धर रे गेनू," मामा म्हणाला. जीप चढल्यापासून त्याचा भाच्यावर विश्वास बसला होता.

मंगलाष्टकं सुरू झाली. गेनू बघू लागला. इकडे शेवंता हार घेऊन उभी. तिकडे भागवत हार घेऊन उभा. दोन्ही टोकं जोडायला तयार. मध्ये एक फडकं. गार करत नाही, गरम करत नाही. कशाला ठेवलंय?

गेनूने अंतरपाट खसकन ओढला आणि टाकला. लांब, उकिरड्यावर. शेवंताच्या शालूचं टोक घेतलं, भागवतच्या उपरण्याचं टोक घेतलं, टोकाला टोक जोडलं, वर क्लिप घातली आणि आवळली. लोकांना वाटलं, लागलं लग्न. अक्षता उडाल्या, बँड वाजला, आचाऱ्यांनी पानं मांडली. भटजी आ वासून बघत राहिले. उघडं तोंड दिसताच गेनूने त्यात बुंदीचा लाडू बसवला.

"बंद करा!" व्याही गरजले. "मुहूर्ताआधी अंतरपाट काढता? मोडलं हे लग्न! भागवत, चल घरी!"

त्यांनी पोराचा दंड धरला आणि तरातरा निघाले. मागे भागवत, भागवतच्या मागे शेवंता. व्याही जीपमध्ये चढले, भागवत चढला, शेवंताही चढली.

विहीणबाईंनी तोंडाला पदर लावला. "अहो, मोडून निघालात, का सून घेऊन निघालात?"

मांडव खो खो हसला. व्याही लालबुंद झाले. "खोला ती क्लिप! आधी खोला!"

मामा स्क्रूड्रायव्हर घेऊन धावला. क्लिप इकडून बघितली, तिकडून बघितली.

"गेनू, स्क्रूचं डोकं कुठाय?"

"मोडलं. पकडीने."

"का रे बाबा?"

"तुम्हीच म्हणालात, जन्मात पुन्हा खोलायला नको." गेनू अभिमानाने म्हणाला. "जीपच्याही मोडल्यात."

"मग पदर कापा!" व्याही ओरडले.

"लग्नाच्या शालूला कात्री? माझ्या सुनेच्या?" विहीणबाई अशा काही बघू लागल्या, की कात्री कुणी आणलीच नाही.

भटजींनी लाडू गिळला आणि घड्याळ बघितलं. "मुहूर्त आत्ता लागतोय. पण अंतरपाट उकिरड्यावर आहे."

व्याह्यांनी एकदा क्लिपकडे बघितलं, एकदा बायकोकडे. मग मुकाट्याने डोक्यावरचा फेटा सोडला आणि एक टोक स्वतः धरून जीपमध्येच नवरा-नवरीच्या मध्ये ताणला.

"दुसरं टोक धरा कुणीतरी," ते पुटपुटले.

गेनूने हात पुढे केला.

"तू नको!" सगळा मांडव एका आवाजात ओरडला.

"कळलं," गेनू म्हणाला, आणि पंगतीत जाऊन बसला.