गेनूचा अंगठा

एका गावात गेनू नावाचा एक भोळा गडी होता. भोळा म्हणजे किती? 'दाराकडे लक्ष ठेव' म्हटलं, तर चोर भिंत फोडून आला तरी हा आपला दाराकडेच बघत बसायचा.

एकदा त्याच्या चपलेतला खिळा वर आला आणि अंगठ्यात घुसला. गेनूला पत्ताच नाही! बायकोनं, हौसानं, अंगणात रक्ताचे ठसे बघितले आणि त्याला बाजारगावी नेलं. तिथं पायांच्या डॉक्टरीणबाई होत्या. नखं, भेगा, कुरूप, जखमा, सगळं पायाचंच बघायच्या.

"मग बाकीचा मी बाहेर बसू का?" गेनूनं विचारलं.

बाईंनी अंगठा तपासला. "रक्तात साखर वाढलीय. त्यानं पाय बधिर झालाय, म्हणून खिळा कळला नाही. हयगय केलीत तर अंगठा कापावा लागेल."

"साखर कुठली बाई? आमच्यात गुळाचा चहा असतो."

हौसाला रडूच फुटलं. "बाई, कायबी करा, पण ह्यांचा अंगठा वाचवा!"

"वाचेल. पण पायाला तळहाताच्या फोडासारखं जपा. आणि चप्पल घालायच्या आधी उलटी करून झटकायची."

गेनूनं तळहात बघितला. फोड काही दिसेना. बिचारा काळजीत पडला. तरी वाटभर पाठ करत आला, "घालायच्या आधी उलटं करून झटकायचं."

घरी सासरे आले होते. हौसा म्हणाली, "अहो, बाबांना जेवायला घाला."

घालायच्या आधी काय करायचं? गेनूनं भरलं ताट उलटं केलं आणि झटकलं. आमटी सासऱ्यांच्या धोतरावर!

पुढच्या खेपेला हौसानं गाऱ्हाणं मांडलं. बाई म्हणाल्या, "अहो, झटकायची ती चप्पल! बरं, पाय धुताना पाणी गरम आहे का ते आधी कोपर बुडवून बघा. पायाला चटका कळणार नाही."

"गरम असेल तर आधी कोपर," गेनू म्हणाला.

संध्याकाळी हौसानं सासऱ्यांसाठी चहा केला. चहा गरमच होता. गेनूनं बाही वर केली, पातेल्यात कोपर बुडवलं आणि म्हणाला, "प्या बाबा, बेताचा आहे."

सासऱ्यांनी पिशवी उचलली आणि काढता पाय घेतला.

हे ऐकून बाईंनी हातच जोडले. "आता काहीएक करू नका. पट्टी हौसाबाई बदलतील. मी सांगेपर्यंत तुम्ही पाय जमिनीला लावू नका, बस्स!"

हे मात्र गेनूला पक्कं समजलं. तो बाजेवर पडून राहिला. हौसा त्याचे पाय धुवायची, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायची, पट्टी बदलायची.

तपासणीच्या दिवशी शेजाऱ्याच्या बैलगाडीतून निघाले. बाजारात गर्दी, गाडी पुढं जाईना. हौसा म्हणाली, "उतरा. मी धरते तुम्हाला."

"धर," गेनू म्हणाला.

दवाखान्याच्या दारातून आधी गेनूचे हात आत आले. मग डोकं. मागून त्याचे दोन्ही पाय काखेत धरलेली, घामानं निथळणारी हौसा. आणि तिच्या मागं सगळा बाजार.

बाईंनी पट्टी सोडली. जखम भरली होती. अंगठा वाचला! हौसा मटकन खालीच बसली, हसता हसता डोळे पुसायला लागली.

"आणि हे हातांना काय झालं?" बाई ओरडल्या.

गेनूनं दोन्ही तळहात पुढं केले. टरारून फोड आले होते. त्याचा चेहरा नुसता फुलला होता.

"आले एकदाचे, बाई! पहिल्या दिवशी हेच नव्हते म्हणून सगळं अडलं होतं. आता हे कसे जपायचे तेवढं सांगा, म्हणजे पायालाही तसंच जपतो."