देवाचा अंगरखा आणि बारा पिवळे शर्ट

एकदा एक शिंपी आपल्या ग्रामदैवतावर रुसला. रुसवा एका दिवसाचा नव्हता. वर्षभर तो मनात मुरत राहिला, आणि चैत्रातली यात्रा आठ दिवसांवर आली तेव्हा उघड झाला.

शिंप्याचे नाव त्र्यंबक. नदीच्या अलीकडच्या गावात, भैरवनाथाच्या देवळासमोर त्याचे दुकान होते. दुकान कसले, एक शिवणयंत्र, एक फळी आणि खुंटीला मापाची पट्टी. दर यात्रेला त्याच्याकडे दोन कामे ठरलेली असत आणि दोन्ही तो सेवा म्हणून करी. एक म्हणजे देवाचा पांढरा अंगरखा, आणि दुसरे म्हणजे गावच्या कबड्डी संघाचे बारा पिवळे शर्ट.

त्या संघाविषयी थोडे सांगायलाच हवे. यात्रेच्या दुपारी देवळामागच्या मैदानावर अलीकडच्या आणि पलीकडच्या गावाचा सामना होई. पलीकडच्यांचे शर्ट निळे, गडी धिप्पाड, आणि गेली चौदा वर्षे मानाची ढाल त्यांच्याच चावडीत टांगलेली. अलीकडच्यांनी या चौदा वर्षांत हरण्याचा एकही प्रकार शिल्लक ठेवला नव्हता. कधी ते तीस गुणांनी हरले, कधी एका गुणाने. एकदा तर जिंकत आलेल्या सामन्यात त्यांचा गडी शेवटच्या चढाईत दोन जणांना शिवला आणि मधली रेषा गाठण्याआधीच दम सोडून आनंदाने नाचू लागला! तिथेच त्याची पकड झाली. तरीही त्र्यंबक दरवर्षी पहिल्या रांगेत बसून घसा बसेपर्यंत ओरडे, आणि घरी येताना 'पुढच्या वर्षी बघा' असे न चुकता म्हणे.

देवाच्या अंगरख्याची मात्र एक रीत होती. त्या वस्त्राला यंत्र लावायचे नाही, प्रत्येक टाका हाताने घालायचा. त्र्यंबकाचा हात यंत्रालाच सरावलेला, म्हणून तो कापड बेतून देई आणि टाके घाली त्याची बायको इंदू. तिचे टाके इतके बारीक असत की पुजारीबुवा वस्त्र उजेडात धरून ते शोधत बसत.

मागच्या वैशाखात एका सकाळी भाकरी थापता थापता इंदूचा उजवा हात लुळा पडला. औषधे झाली, तेल-मालिश झाले. त्र्यंबक नवस बोलला. दर रविवारी अनवाणी नदीवर जाऊन घागर भरून आणली आणि देवाला स्नान घातले. एकही रविवार त्याने चुकवला नाही. वर्ष सरत आले, पण हात हलला नाही. इंदू डाव्या हाताने स्वयंपाक करायला शिकली, वेणी घालायला शिकली, आणि भाकरीचा नकाशा झाला की स्वतःच हसू लागली. त्र्यंबकाला ते हसणे सहन होईना. हिचा हात गेला आणि रडायचे मात्र एकट्या आपल्याच वाट्याला आले, असे त्याला वाटे.

त्यात कापडावर खुणा करायच्या साबणाच्या वड्यांना बारीक बारीक भोके पडू लागली होती. साबणाला कीड लागलेली त्याने आयुष्यात पाहिली नव्हती. इंदूला विचारले तर ती म्हणाली, "असेल एखादी कीड. दिवसच तसे आलेत."

यात्रेच्या आठ दिवस आधी गुरुजी दुकानात आले. गावातल्या दोन पिढ्यांना त्यांनी अक्षरे शिकवली होती, आणि त्र्यंबक अजूनही रोज संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर त्यांच्याकडे पोथी वाचायला बसे. दरवर्षीप्रमाणे त्यांच्या काखेत दोन गाठोडी होती, एक पिवळे आणि एक पांढरे. त्र्यंबकाने पिवळे जवळ ओढले आणि पांढरे परत सरकवले.

"हे न्या गुरुजी. यंदापासून माझ्याच्याने व्हायचं नाही. पोथीलाही मी येणार नाही."

"बरं," गुरुजी म्हणाले.

"का म्हणून विचारणार नाही?"

"तू सांगशीलच की."

मग त्र्यंबकाने सांगितले. "ज्या हातानं वीस वर्षं त्याचं वस्त्र शिवलं, तोच हात त्याला जपता आला नाही! गावात इतके हात आहेत गुरुजी. काही तर नुसते पत्ते पिसतात. मी मागून मागून एकच गोष्ट मागितली. एकच. आता त्याच्या अंगरख्याला मी कुणाच्या हातचे टाके घालू?"

गुरुजींनी सगळे ऐकून घेतले. समजूत घातली नाही, रागेही भरले नाहीत. पांढरे गाठोडे काखेत मारून ते शांतपणे निघून गेले. त्र्यंबकाला वाटले होते की ते निदान भांडतील. ते भांडले नाहीत म्हणून तो आणखीच बेचैन झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गुरुजी पुन्हा हजर. या वेळी त्यांच्या हातात निळे कापड होते. ते त्यांनी फळीवर पसरले आणि कालचे पिवळे गाठोडे उचलले.

"हे काय गुरुजी?"

"निळे शर्ट शीव. बारा."

"निळे? पलीकडच्यांचे?"

"ते जिंकतात," गुरुजी अगदी सहज म्हणाले. "चौदा वर्षं जिंकतायत. तुझी शिलाई चांगली, तुझा घसा चांगला. हरणाऱ्यांवर कशाला वाया घालवायचा? यंदा सामन्याला त्यांच्या बाजूला बस. मी जागा धरून ठेवतो."

त्र्यंबक ताडकन उठला. फळीवरची कात्री खाली पडली. काल देवाचे वस्त्र याच माणसाने आपणहून परत सरकवले होते. आज त्याने पिवळे गाठोडे गुरुजींच्या हातातून अक्षरशः हिसकावून घेतले. गुरूच्या हातातून काही हिसकावण्याचा प्रसंग त्याच्यावर उभ्या जन्मात आला नव्हता.

"गुरुजी, तुम्ही आहात म्हणून गप्प बसतो! दुसरं कुणी असतं तर... अहो, हरतात म्हणून काय ते आपले नाहीत? त्या पोरांना मी लंगोटीत असल्यापासून ओळखतो. त्यांचे गुडघे फुटतात तेव्हा मला इथं दुखतं. जिंकतील तेव्हा जिंकतील. नाही जिंकले तरी मी बसेन ते आपल्याच बाजूला!"

"चौदा वर्षांत त्यांनी तुला काय दिलं?"

"काय दिलं म्हणजे? मी तिथं काही घ्यायला जातो का?"

हे वाक्य त्याच्या तोंडून निघाले आणि तो थांबला. आपण काय बोलून गेलो ते त्याच्या ध्यानात आले होते. पण त्र्यंबक सहजासहजी हार मानणारा नव्हता, अन्यथा तो त्या संघाच्या पाठीशी राहिलाच नसता.

"तसं नाही गुरुजी," तो हळू आवाजात म्हणाला. "पोरं जीव तोडून खेळतात. जिंकणं त्यांच्या हातात नसतं. देवाच्या हातात तर सगळं आहे. त्यानं दिलं असतं तर मिळालं असतं."

गुरुजी फळीच्या कडेवर टेकले. ते म्हणाले, "त्र्यंबक, त्यानं का दिलं नाही हे मला ठाऊक नाही. तुला पोथी शिकवतो म्हणून ठाऊक असल्याचं सोंग मी आणणार नाही. मला दिसतं ते इतकंच. तू देवाला पंच समजून बसलास. शिट्टी त्याच्या तोंडात, निकाल त्याच्या हातात, आणि आपल्या बाजूनं शिट्टी वाजली नाही म्हणून तुझा हा संताप. अरे, पंचावर कुणी कधी माया केली आहे का? पंचासाठी तू कधी एक शर्ट तरी शिवलास? ज्याच्या अंगाचं माप तुला पाठ आहे, ज्याला रविवारी स्वतःच्या हातानं अंघोळ घातलीस, तो तुझ्या बाजूचा आहे. इंदूचा हात पडला त्या सकाळी तो पलीकडच्या कडेला उभा राहून टाळ्या वाजवत होता, असं तुला खरंच वाटतं? तो तुमच्याच चुलीपाशी होता. तुमच्याबरोबर हरत होता."

त्र्यंबकाचे डोळे भरून आले. तो कात्री उचलायला वाकला आणि बराच वेळ वाकूनच राहिला.

"पण गुरुजी, टाके?" त्याने शेवटी विचारले. "कुणाकडून घालून घेऊ?"

मागच्या दारात इंदू उभी होती. तिने सगळे ऐकले होते. ती आत गेली आणि बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा काखेत धरून बाहेर आली. डबा तिने फळीवर उपडा केला. कापडाच्या शेदीडशे चिंध्या बाहेर पडल्या, आणि प्रत्येक चिंधीच्या काठाला हातशिलाई होती. काही चिंध्यांवरचे टाके दारू पिऊन चालल्यासारखे होते, काहींवर बरे होते, आणि अगदी वरच्या दहा-बारा चिंध्यांवर जवळजवळ सरळ.

"दुपारी तुम्ही पाठ टेकता ना, तेव्हा करत होते," ती म्हणाली. "कापड गुडघ्याखाली दाबून धरायचं. सुई साबणाच्या वडीत उभी खोचायची, म्हणजे डाव्या हातानं दोरा ओवता येतो. यात्रा काही माझ्या हातासाठी थांबणार नव्हती."

"म्हणजे साबणाची कीड..."

"मीच ती."

गुरुजी मोठ्याने हसले. त्र्यंबक आधी रडला, मग तोही हसला. ज्या वर्षभरात तो देवाकडे रोज एक हात मागत होता, त्याच वर्षभरात ती देवासाठी दुसरा तयार करत होती, आणि त्याला याचा पत्ताही नव्हता.

"बारा निळ्या शर्टांचं काय करायचं गुरुजी?" इंदूने विचारले.

"कसले शर्ट? ते माझ्या नातीच्या परकराचं कापड आहे. सांभाळून ठेवा, नाहीतर ती मला घरात घ्यायची नाही."

पांढरे गाठोडे त्याच दुपारी दुकानात परत आले.

यात्रेच्या पहाटे भैरवनाथाला नवा अंगरखा चढला. पुजारीबुवांना या वेळी टाके उजेडात धरून शोधावे लागले नाहीत. डाव्या बाहीचा काठ तर चांगलाच वाकडा गेला होता. बुवा काही बोलणार, तोच त्र्यंबक म्हणाला, "असू द्या. त्याला चालतंय." मग त्याने हात जोडले. वर्षभर ओठांवर असलेले मागणे म्हणायला तोंड उघडले, आणि त्याला दुसरेच काही सुचले.

"दुपारी सामना आहे," तो देवाला म्हणाला. "आमच्या बाजूला येऊन बस."

दुपारी सामना झाला. अलीकडचे गाव चार गुणांनी हरले. त्र्यंबकाचा घसा बसला, इंदूने डाव्या हाताने मांडीवर थाप मारून मारून मांडी लाल करून घेतली, आणि ढाल पंधराव्यांदा नदीपार गेली. धुळीने माखलेले पिवळे शर्ट एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून मैदानाबाहेर आले. त्यातल्या दोघांचे खिसे फाटले होते, आणि शर्ट उद्या आणून द्या असे त्र्यंबकाने त्यांना बजावले.

परतताना गुरुजींनी त्याला हळूच विचारले, "काय रे, बोलावलं होतंस म्हणे कुणाला तरी. आला होता का?"

त्र्यंबकाच्या घशातून आवाज निघत नव्हता. तरी त्याने सांगितले.

"शेवटपर्यंत बसून होता, गुरुजी."