बरणीतला गुंड

एकदा एका काचेच्या टाकीत युद्ध पेटले. ही टाकी एका वृद्धनिवासाच्या दिवाणखान्यात होती, भिंतभर लांब, आणि तिच्यासमोर खुर्च्या मांडून बसणारी मंडळी सत्तरीच्या पुढची. निवासाची तरुण व्यवस्थापिका इरावती हिने ती मोठ्या हौसेने उभी केली होती. मासे पाळण्याची विद्या ती तिथल्याच एका वृद्ध रहिवाशाकडून शिकत होती. सगळे त्यांना नाना म्हणत. नानांनी उभे आयुष्य महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवले होते. ते बोलत कमी, पाहत फार.

टाकीत सर्वांची लाडकी होती ती एंजल माशांची जोडी. चंदेरी, संथ, लांब तलम पर पसरून राजेशाही थाटात फिरणारी. वत्सलाबाईंना अर्धांगाच्या झटक्यानंतर बोलणे जड झाले होते, पण त्या जोडीपुढे बसल्या की त्यांचे ओठ हलत. "आली... बघ... आली," एवढे तरी शब्द बाहेर पडत. इरावतीचा जीव त्या शब्दांसाठी आसुसलेला असे.

मग तिने टाकीला आणखी शोभा यावी म्हणून पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेले टायगर बार्ब जातीचे मासे आणले. चारच. चपळ, तेजस्वी, जणू विजेचे तुकडे! पहिल्या दिवशी मंडळींनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी एंजलच्या पराची कड कुरतडलेली दिसली.

आणि दिवाणखान्याची रणभूमी झाली. पट्टेवाला मागून येई, पराचा लचका तोडी आणि वेलींत पसार होई.

"अहो, तो बघा, परत निघाला! हाकला त्याला!" दामूअण्णा काठी उगारून ओरडत.

"काच फुटेल, अण्णा! काठी खाली घ्या!" इरावती धावत येई.

चौघांत एक अंगाने मोठा होता. हाच म्होरक्या, असा सर्वांचा निर्णय झाला आणि त्याचे नाव पडले गुंड. इरावतीने जाळी घेतली. केवढा तो पाठलाग! कोणी "डावीकडे!" म्हणे, कोणी "दगडामागे गेला!" म्हणे. कोपरापर्यंत भिजलेल्या हातांनी तिने अखेर त्याला पकडले, पाण्याच्या मोठ्या बरणीत टाकले आणि बरणी खिडकीत ठेवली. दिवाणखान्यात जयजयकार झाला. नाना मात्र टाकीत उरलेल्या तिघांना न्याहाळत होते.

सकाळी इरावती उत्सुकतेने टाकीपाशी गेली आणि जागीच थबकली. कालपर्यंत मागे मागे राहणारा एक लहान पट्टेवाला आज एंजलवर तुटून पडत होता. एंजल फिल्टरच्या आड अंग चोरून उभे होते, त्यांनी अन्नालाही तोंड लावले नाही. वत्सलाबाईंनी आपली खुर्ची टाकीकडे पाठ करून लावून घेतली होती.

इरावतीच्या डोळ्यांत पाणी आले. ती नानांकडे गेली. "नाना, त्या चौघांनाही दुकानात परत देऊन येते. ही जातच दुष्ट."

"दुकानात जाऊ या," नाना चपला घालत म्हणाले. "मीही येतो. ते मासे तूर्त इथेच राहू देत."

दुकानात पोहोचल्यावर नानांनी काय करावे? त्याच जातीचे, तसेच पट्टेवाले, चांगले वाढलेले डझनभर निरोगी बार्ब त्यांनी मागून घेतले!

"नाना!" इरावती जवळजवळ किंचाळली. "तिघांनी हा प्रलय मांडलाय. आता पंधरा? एंजल संध्याकाळपर्यंत जगायचे नाहीत!"

"न जमले तर एंजलसाठी माझ्या खोलीतली टाकी तयार आहे," नाना म्हणाले. "पण एक संधी देऊन पाहू."

ते परतताच मंडळी खवळली. दामूअण्णांनी तर नाना भ्रमिष्ट झाल्याचे जाहीर केले. नानांनी शांतपणे टाकीचा दिवा मालवला. बाह्या सरसावून दगड हलवले, वेली इकडच्या तिकडे रोवल्या. जुन्या माशांनी धरलेल्या जागाच मोडून टाकल्या. नव्या माशांच्या पिशव्या काही वेळ पाण्यावर तरंगू दिल्या, मग त्यांची तोंडे सोडली.

सारा दिवाणखाना पुढे झुकला.

पट्ट्यांचा लोट उसळला! नवे जुन्यांच्या मागे, जुने नव्यांच्या मागे. गिरक्या, हुलकावण्या, एकमेकांना दटावणे. कोण पुढे, कोण मागे, याचाच क्षणोक्षणी निवाडा चालला होता. आणि एंजलकडे? त्यांच्याकडे ढुंकून पाहायला कोणाला सवड होती!

पाहता पाहता ती धुमश्चक्री आकार घेऊ लागली. सारे एका दिशेने वळले, पुन्हा वळले, आणि टाकीभर एक सोनेरी थवा लहरू लागला.

"वा! वा रे पठ्ठे!" दामूअण्णांची काठी हातातून गळून पडली.

नाना आता प्रथमच सविस्तर बोलले. "बाळ, हा थव्याने जगणारा जीव. आपापसांत झोंबावे, आपले स्थान ठरवावे, हा त्याचा स्वभावधर्म. चौघांतच हा खेळ पुरेसा रंगत नाही, मग ती सारी रग बाहेरच्या संथ जिवावर निघते. तू एकाला उचललेस, तर त्याची जागा दुसऱ्याने घेतली, कारण उणीव तशीच राहिली. त्याला शिक्षा नको होती, सोबत हवी होती. हे सगळीकडे साधेलच असे नाही. टाकी लहान असती तर मी हे धाडस केले नसते."

मग त्यांनी खिडकीकडे बोट दाखवले. "आता त्यालाही आण."

इरावतीचे पाऊल अडखळले. नुकतीच कुठे शांतता झाली होती! तिने बरणीत पाहिले. ज्याला तिने गुंड म्हटले तो रंग उडाल्यासारखा फिका पडून तळाशी निश्चल होता. कालपासून तिने त्याच्याकडे एकदाही पाहिले नव्हते. तिला स्वतःचीच लाज वाटली. दोन्ही हातांनी बरणी उचलून तिने ती पाण्यात अलगद कलती केली.

क्षणभर तो काठाशी थरथरला. थवा वळून आला, त्याला हुंगल्यागत करून पुढे गेला, आणि तो झेप घेऊन त्यात शिरला. हळूहळू त्याचाही रंग परतला.

थोड्या वेळाने फिल्टरच्या आडून एक एंजल बाहेर आला. मग दुसरा. फाटक्या परांनी का होईना, दोघे संथपणे टाकीच्या मधोमध आले. मागून खुर्ची फरशीवर घासल्याचा आवाज झाला. वत्सलाबाई वळल्या होत्या.

"आली," त्या म्हणाल्या. मग थव्याकडे निरोगी हात उचलून, एकेक शब्द गोळा करीत त्यांनी विचारले, "त्यातला... गुंड... कोणता?"

इरावती काचेला नाक लावून कितीतरी वेळ शोधत राहिली. शेवटी तिने हसून मान हलवली.

"ओळखू येत नाही हो, वत्सलाबाई."