राणीची रिकामी वाटी

एका राज्यात, जिथे डोंगर पावसाळ्यात कूस बदलत आणि पक्षी माणसांसारखे भांडत, हेमावती नावाची राणी राज्य करी. महालाला सोन्याचे कळस, दाराला मोत्यांची तोरणं, अंगणात हत्ती झुलत. आणि दानधर्म? नाव नको! कित्येक वर्षांत राणीने कोणाला चिमूटभर मीठसुद्धा दिलं नव्हतं. सगळं देणंघेणं प्रधान बघी. लोक तिला चिक्कू राणी म्हणत. म्हणोत बापडे, त्यांना काय ठाऊक!

या राणीची भाची शेवंती. पोरीचे आईबाप साथीत गेले, तेव्हा प्रधानाने पालखी धाडून तिला महालात आणलं. दासी आल्या, मऊ बिछाना आला. पण आत्याने कधी जवळ घेतलं नाही, कधी घास भरवला नाही. शेवंती उंबऱ्याशी उभी राही. कोणी ये म्हटलं तर आत जाई, कोणी वाढलं तर जेवी. असं करता करता पोर मोठी झाली, पण उंबरा काही सुटला नाही.

महालात एक साळुंकी होती, भारी तोंडाळ. एके सकाळी ती म्हणाली, "शेवंते, माडीवरची बंद खोली पाहिलीस?"

"मला कोणी बोलावलं नाही."

"बोलावणं कसलं घेऊन बसलीस! चल मुकाट्याने."

खोलीत काय होतं? दगडाचे लाडू. दगडाच्या बांगड्या. दगडाची बाहुली. आणि भिंतीशी ओळीने दगडाचे परकर. पहिला लहानगीचा, पुढचा त्याहून मोठा, आणि शेवटचा बरोब्बर शेवंतीच्या मापाचा.

"दर दिवाळीला आत्या तुझ्यासाठी करून घेते," साळुंकी म्हणाली. "द्यायला उचलते, की झाला दगड."

मग साळुंकीने सगळं सांगितलं. डोंगरावर भिंगरी चेटकीण राही. चेटकीण असली तरी शेजारीणच की! तिने एकदा राणीला वाटीभर खीर पाठवली. त्याच दिवशी राणीला भाऊ गेल्याची खबर आली. रडून डोळे सुजले, वाटीकडे कोण बघतो? दासीने वाटी विसळली आणि रिकामीच परत धाडली. शेजारची वाटी, आणि रिकामी! भिंगरी संतापली. वाटी महालावर भिरकावून म्हणाली, "हाताने दे की शब्दाने दे, तू दिलंस ते दगड होईल. आणि शेवटी तूही!"

शेवंती धावत आत्याकडे गेली. प्रथमच न विचारता आत शिरली. राणीच्या अंगावर शाल होती, शालीखाली दोन्ही हात कोपरापर्यंत दगडाचे.

"आत्यासाहेब, मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगू, पोरी? तुला द्यायला माझ्यापाशी दगडच होते."

शेवंती रडली, आणि मग पदर खोचून ती वाटी घेऊन डोंगरावर गेली. भिंगरी म्हणाली, "वाटी भरून आण, शाप उतरेल. तीन खेपा देते. पुढे मी ऐकायची नाही आणि तुझी आत्याही उरायची नाही."

राणी म्हणाली, "माझा मोत्यांचा हार ने." शेवंतीने नेला.

"कोणी दिला?" भिंगरीने विचारलं.

"आत्यासाहेबांनी."

वाटीत खडे वाजले. राणीचा खांदा दगड झाला.

दुसऱ्या खेपेला शेवंतीने राणीची आज्ञा घेतली आणि रानातला मध आणला.

"कोणी दिला?"

"वनरक्षकाने. आत्यासाहेबांच्या आज्ञेने."

मधाचा गोटा झाला. राणीचा गळा दगड झाला, वाचा गेली. आता दे म्हणायला कोणी नाही, घे म्हणायलाही नाही. राणी नुसती डोळ्यांनी पोरीकडे बघत राहिली. काय करील बिचारी पोर?

तिला आई आठवली. घरात काही नसलं की आई शेजारच्या वाटीत साखर घाली. शेवंती तडक मुदपाकखान्यात शिरली, फडताळातला डबा काढला, वाटी भरली.

"अगं, अगं! कोणाला विचारलंस का?" आचारीणबाई ओरडल्या.

"कोणाला विचारू? घर माझं, आत्या माझी!"

बोलून गेली आणि स्वतःच दचकली. पण थांबली नाही. डोंगर चढून धापा टाकत भिंगरीच्या दारी उभी राहिली.

"कोणी दिली?"

"कोणी नाही. मी घेतली."

"म्हणजे चोरलीस!"

"आपल्या घरातली साखर घ्यायची, तर चोरी कसली?"

भिंगरी वाटीत बघत राहिली. साखर साखरच होती. तिने चिमूटभर तोंडात टाकली, आणि त्या खाष्ट बाईचे डोळे भरून आले.

"गोड आहे गं," ती म्हणाली. "किती वर्षांनी शेजारून काही आलं. जा, तुझी आत्या वाट बघतेय."

शेवंती परतली, तर राणी महालाच्या पायऱ्यांवर उभी. शाल कुठल्या कुठे पडलेली, दोन्ही हात पुढे केलेले. या वेळी शेवंती उंबऱ्याशी थांबली नाही.

"आत्या, भूक लागली. वाढ ना मला."

राणीने माडीवरचा लाडू आणून भरवला; मऊ होता, तुपाचा होता. मोठा परकर शेवंती नेसली. लहान परकर राणीने नगरातल्या पोरींना स्वतःच्या हाताने वाटले, आणि लोक जिभा चावत बसले.

ती वाटी अजून डोंगर-महाल, महाल-डोंगर करते, कधी खिरीने भरलेली, कधी साखरेने. शेवंती आपल्या घरी पोचली, गोष्ट आपल्या ठिकाणी पोचली. तुम्हीही घरी जा बरं आता, आणि आत जाताना कोणाला विचारू नका.